माझ्या आजीची, तुझ्याकडची वाकळ

हमीदा आपा, माझ्या पदवीच्या कागदावर माझं नाव आहे, वडिलांचं आहे, विषयांची नावं आहेत. तुझं नाव कुठंच नाही. खरं तर ते सगळ्यात वर हवं होतं. हे मी चारचौघांत अनेकदा बोललो, शाळेतून निवृत्त झालो त्या दिवशीही बोललो, आणि तू दर वेळी ओढणीचं टोक तोंडावर धरून हसलीस. पण त्या कागदामागं मी काय लपवून ठेवलं होतं, ते तुझ्या हयातीत एकदाच सांगितलं, तेही टपालानं. तू औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत, मी पडेगावात. रिक्षानं अर्धा तास. तरी टपालानं.

तुला जाऊन आज बारा दिवस झाले. वाकळ माझ्या मांडीवर आहे. घरात ब्लँकेटांचा ढीग असताना मी ही जुनी गोधडी घेऊन खुर्चीत काय बसतो, असं बायको सकाळपासून दोनदा म्हणाली. तिला गोधडी म्हटलं की भागतं. आपल्या गावाकडं हिला वाकळ म्हणतात, आणि तू आणि मी साठ वर्षं हिच्यावरून भांडलो.

दर ईदला शीरखुर्म्याची वाटी रिकामी करून मी विचारायचो, "आपा, वाकळ कधी देतीस?"

आणि तू म्हणायचीस, "मी मेल्यावर घे."

घेतली. आणि खरं सांगतो, हेवा गेला नाही.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. तुझ्याबद्दल वाईट लिहायला माझ्याकडं काहीच नाही. पण माझ्याबद्दलचं खरं मी टाळलं तर हे लिहिण्यात अर्थ नाही. ज्या माणसाचं मी सगळ्यात जास्त देणं लागतो, त्याच माणसावर मी आयुष्यभर जळलो.

मी तेव्हा पाच वर्षांचा असेन. मला जे आठवतं त्यातलं निम्मं तूच नंतर सांगितलेलं आहे. पोलीस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन थोडे दिवस झाले होते. गावात काय चाललं होतं ते मला कळत नव्हतं. एवढंच कळलं की शेजारच्या पिंजाऱ्याच्या घराला कुलूप लागलं आणि त्या घरातली दहा वर्षांची मुलगी आमच्या घरी आली. तुझी अम्मी त्याच उन्हाळ्यात वारली होती, आणि अब्बा पांगलेल्या नातेवाइकांच्या शोधात निघाले होते. तुझ्या हातात एक बोचकं होतं. आजी दारात उभी राहून म्हणाली, "ये गं हौसा, आत ये." बाहेरच्या माणसांसाठी तू आजीच्या बहिणीची नात झालीस, आणि आजीसाठी शेवटपर्यंत हौसाच राहिलीस.

मला नावाशी देणंघेणं नव्हतं. माझं भांडण जागेसाठी होतं. आजीच्या कुशीतली, भिंतीकडची जागा माझी होती. तू आलीस आणि आजीनं मला उचलून आईकडं दिलं. "पोरगी भेदरलीय, तिला राहू दे हितं." मी गल्लीला ऐकू जाईल असं भोकाड पसरलं. भेदरणं म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी मी जागा सोडली नसती.

तू आजीला माय म्हणायला लागलीस. मी तिला आजी म्हणायचो. माझ्यापेक्षा तुझा शब्द जवळचा होता, हे मला त्या वयातही टोचायचं.

तुला घराबाहेर पडायचं नव्हतं आणि दिवस लांब होते. म्हणून आजीनं फळीवरची जुनी लुगडी खाली काढली. वाकळ शिवायची तिची पद्धत ठरलेली होती. आत लुगड्यांचे थर, वर चिंध्यांचे चौकोन, आणि कडेपासून सुरू होऊन मध्याकडं येणारा धावदोरा. ती एका कडेला बसायची, तू समोरच्या. तू पिंजाऱ्याची मुलगी. पहिल्याच दिवशी तू तिला शहाणपण शिकवलंस.

"माय, आत थोडा कापूस घाल की. ऊब यील."

"कापूस तुझ्या बापाच्या रजईत. वाकळीत कापूस घालत्यात व्हय? धुतली की गोळे व्हत्यात."

"मग ऊब कशाची?"

"नेसलेल्या कापडाची. नवं कापड ऊब देत नाय, पोरी. अंगाला लागलेलं देतं."

तू उठलीस, बोचकं सोडलंस आणि तुझ्या अम्मीचा हिरवा कुर्ता आजीपुढं ठेवलास. "मग हे पण अंगाला लागलेलं हाय." पुढचं आई सांगायची. आजीनं कात्री उचलली, पुन्हा खाली ठेवली, कुर्ता नाकाशी धरला आणि तुझ्याकडं पाहून विचारलं, "कापू ना?" तू मान हलवलीस.

आजीची आणखी एक रीत होती. वाकळ मध्यापर्यंत शिवत आली की शेवटचा टीचभर भाग उघडा ठेवायचा, त्यात भाकरीचा वाळका तुकडा सरकवायचा आणि मग तोंड शिवायचं. वाकळीचं पोट उपाशी ठेवायचं नाही. आणि तो घास ज्याच्या हातानं पोटात गेला, वाकळ त्याची.

घास आजीनं माझ्या हातात दिला. तुझ्या नाही, माझ्या. हे मी तुला किती वेळा ऐकवलं! वाकळ माझ्यासाठीच होती. पण मला घास देण्याआधी तिनं त्याच भाकरीचा अर्धा भाग तुला खायला दिला होता. तू तो दोन्ही हातांत धरून बसली होतीस. मी तुझ्याकडं पाहिलं, आणि माझ्या हातातला तुकडा तोंडात टाकला. चावला, गिळला, आणि तोंड उघडून सगळ्यांना दाखवलं. मला भूक नव्हती.

आजी हसून हसून मागं रेलली. "ह्याचं पोट आधी," म्हणाली. तू तुझ्या भाकरीतून एक तुकडा मोडलास आणि वाकळीच्या पोटात ठेवलास. आजीनं डोळे पुसत तोंड शिवलं.

मला वाटलं, मी जिंकलो.

थंडी सरता सरता तुझे अब्बा परत आले. कुलूप निघालं, शेजारी पुन्हा पिंजणीची तार वाजायला लागली. मला माझी जागा परत मिळाली, पण कुशीत नाही. आजी म्हणाली, मी आता मोठा झालो. ते चार-पाच महिने कुणी मला परत दिले नाहीत.

तुझं लग्न झालं तेव्हा मी खुलताबादच्या शाळेत सहावीत होतो. आपल्या घरांसमोर बैलगाडी उभी होती. गाद्या चढल्या, रजया चढल्या, तुझ्या अब्बांनी जीव ओतून पिंजलेल्या. सगळ्यात शेवटी आजी घरातून वाकळ घेऊन आली आणि सगळ्या रजयांवर ठेवली. मी गाडीच्या चाकावर चढलो.

"आजी, ही माझी हाय!"

"तुझी व्हती. घास दिला व्हता तुझ्या हातात. तू खाल्लास."

"मी लहान व्हतो!"

"ती बी लहानच व्हती."

एवढंच बोलून ती तुझ्या तोंडावरून हात फिरवायला गेली. आई दोन दिवस तिच्याशी धड बोलली नाही. घरात नातू असताना हातची वाकळ शेजारच्या मुलीला, हे तिला पटलं नव्हतं. दोन वर्षांनी आजी गेली. माझ्या वाट्याला तिचा अडकित्ता आला. मी सुपारी खात नाही.

मॅट्रिक झालो. आपल्या गावातून कॉलेजात जाणारा पहिलाच. वसतिगृहात जागा मिळाली नाही, तेव्हा वडील पत्र्याची पेटी आणि मला घेऊन एस.टी.नं तुझ्या दारात आले. खाली तुझ्या नवऱ्याचं, दुल्हेभाईंचं, रजई-गादीचं दुकान, वर दोन खोल्या. वडील दारातच घुटमळले. "ऱ्हाण्याचं ठीक हाय गं, पण जेवायचं तेवढं..."

"काका, तुमच्या घरी मी पाच महिने काय खाल्लं?"

"आमचंच."

"मग झालं तर. बारक्या आमचं खाईल. पेटी वर घे रे."

बारक्या हे नाव घरातले सगळे विसरले होते. तू विसरली नव्हतीस.

मी पेटी घेऊन वर गेलो, आणि पहिली दिसली ती वाकळ. तुझ्या लेकीच्या, शमीमच्या पाळण्यात घडी करून अंथरलेली. शमीम आठ महिन्यांची. ती माझ्याकडं बघून हसली आणि माझ्यादेखत आजीचं लुगडं ओलं केलं. तू "हात मेली!" म्हणत वाकळ उचललीस, खिडकीत वाळत टाकलीस. मी पुस्तकं लावत होतो. चार वर्षं मी त्या खोलीत बीजगणित शिकलो, आणि खिडकीत ती वाळत असायची.

तू माझ्यासाठी काय केलंस ते लिहायला घेतलं की मला कमीपणा वाटत नाही, धन्य वाटतं. पहिल्याच वर्षी मी इंग्रजीत नापास झालो. वडील न्यायला आले. शेतात माणूस हवंच होतं. तू जिन्यात आडवी उभी राहिलीस. "काका, माय असती तर तिनं नेऊ दिलं असतं? मग मी कशी नेऊ दीन?" वडिलांनी माझ्याकडं पाहिलं, पेटीकडं पाहिलं आणि चहा पिऊन परत गेले. पुढच्या परीक्षेआधी तू दुल्हेभाईंना सांगितलंस की दुपारी पिंजण बंद. ऐन थंडीच्या तोंडावर! गिऱ्हाइकं कापूस घेऊन ताटकळायची, आणि दुल्हेभाई त्यांना सांगायचे, "ऊपर साहब पढ रहे, जरा रुको." त्यांच्या बोलण्यात टोमणा होता की अभिमान, ते मला कधी कळलं नाही. बहुधा दोन्ही. कापसाचे तंतू माझ्या केसांत अडकायचे, आणि वर्गातली मुलं विचारायची, आजच पिकलास का रे? मी पास झालो. तू गल्लीत गूळ वाटलास.

आणि अशा तुझ्यावर मी जळत होतो.

एका दुपारी तू वाकळ मांडीवर घेऊन उसवलेली कड शिवत होतीस. मी म्हटलं, "आपा, काही म्हण. वाकळ आजीची हाय."

"लुगडी मायची हायत. कुर्ता माझ्या अम्मीचा हाय. चिंध्या गावभरच्या. मग कुणाची सांग?"

"टाके आजीचे हायत."

"अर्धे माझे हायत. ओळखून दाखव. ओळखलेस तर आत्ता घिऊन जा."

मी वाकळ खिडकीच्या उजेडात धरली. एका बाजूला टाके तांदळाच्या दाण्यासारखे एकसारखे, बारीक होते. दुसरीकडं जरा लांब. माझ्या आजीचा हात मी ओळखणार नाही? मी बारीक टाक्यांवर बोट ठेवलं.

"ते माझे," तू म्हणालीस.

मला विश्वास बसला नाही. तू हसली नाहीस, ते आणखी वाईट झालं. "मायची नजर कमी झाली व्हती रे तेव्हा," तू हळूच म्हणालीस. "मी तिची सुई ओवून द्यायची." मला आजीच्या नजरेचं माहीत नव्हतं. तुला होतं.

त्याच आठवड्यात मी ते केलं. तू शमीमला घेऊन दवाखान्यात गेली होतीस. दुल्हेभाई खाली गिऱ्हाइकाशी बोलत होते. कात्री मी दुकानातूनच आणली होती. वाकळीच्या कोपऱ्याजवळ आजीच्या जांभळ्या इरकली लुगड्याचा एक चौकोन होता, लाल काठासकट. लहानपणी तो काठ मुठीत धरून मी झोपायचो, असं मला आठवत होतं, किंवा आठवावंसं वाटत होतं. मी तो कापून काढला. हाताच्या पंजाएवढा. तिथं खालचं मळकट अस्तर उघडं पडलं, आणि मी वाकळीची घडी अशी घातली की भोक आत जावं.

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी मी जेवत असताना तू समोर बसलीस आणि दुल्हेभाईंच्या जुन्या खाकी शर्टाचा तुकडा त्या भोकावर लावायला लागलीस.

"उंदीर झालेत घरात," तू म्हणालीस.

मी भाकरी मोडत राहिलो.

"वाकळीच्या पोटात घास ठिवलेला ना, वासानं आला असंल. पण उंदीर शहाणा लई. काठ धरून सरळ कापलं त्यानं. कैची घिऊन आला व्हता वाटतं."

मी मान वर केली नाही. तू माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढलीस. विषय तिथंच संपला, आणि पन्नास वर्षं संपला नाही.

तो तुकडा मी आधी वहीत ठेवला. पदवी मिळाली तेव्हा पदवीच्या कागदामागं, पाकिटात. नोकरी लागली, लग्न झालं, पडेगावात घर बांधलं, पाकीट बरोबर फिरलं. तुझे माझ्यावरचे उपकार मोजताना ज्या कागदाचं नाव मी अभिमानानं घ्यायचो, त्याच्या मागं माझी चोरी होती. मी तुला सांगायला हवं होतं. पण तुझ्या घरी आलो की शमीम असायची, तिची मुलं असायची, दुल्हेभाई होते तोवर ते असायचे. आणि तू हसत "मी मेल्यावर घे" म्हणालीस की माझी जीभ पुन्हा त्याच भांडणाकडं वळायची. भांडणं सोपं होतं.

पत्र लिहिलं असतं तर ते तुला शमीमनं वाचून दाखवलं असतं. तू मौलवींकडं दोन वर्षं उर्दू शिकलेली, मराठी अक्षर तुला येत नव्हतं. मी शाळेत गेलो तोवर वर्गात मराठी आली होती, उर्दू अक्षर मला येत नव्हतं. एकाच गल्लीतली, एकच बोली बोलणारी आपण दोघं, पण एकमेकांचं लिहिलेलं वाचू शकत नव्हतो. निवृत्त झाल्यावरही मला हे सुचायला किती वर्षं लागली बघ. शेवटी शहागंजातून लहान मुलांचा उर्दूचा कायदा, म्हणजे अक्षरं गिरवायचं पुस्तक, आणला आणि जेवणाच्या टेबलावर अलिफपासून सुरुवात केली. नातू मला शिकवणी लावायची का विचारायचा. चार महिन्यांनी मी तुला पत्र लिहिलं. भाषा आपली, अक्षरं तुझी. तुकडा पाकिटात घातला आणि टपालपेटीत टाकला. पेटीत टाकल्यावर हात आत घालून ते परत काढता येतं का, हेही पाहिलं.

तुझं उत्तर आलं नाही. तीन आठवड्यांनी शमीमचा फोन आला, "मामू, अम्मी गये."

तुझ्या मातीला मी आलो. मूठभर माती मीही दिली. पण रडू आलं नाही. माझ्या मनात एकच चालू होतं, तुला पत्र मिळालं की नाही. इतका स्वार्थी विचार करत मी तुझ्या मुलांच्या रांगेत उभा होतो.

तिसऱ्या दिवशी जियारतीची दुआ होऊन लोक जेवून गेल्यावर शमीमनं मला वरच्या खोलीत बोलावलं. खिडकी तीच होती. शमीम आता स्वतः आजी झालेली, गुडघे धरून ट्रंकेपाशी बसली. वाकळ काढून माझ्यापुढं ठेवली.

"अम्मी बोलके गये. मेल्यावर मामूला द्या म्हणून."

"ते ती गमतीनं म्हणायची गं."

"नई मामू. चिट्ठी आने के बाद बोले." मग ती ओल्या डोळ्यांनी हसायला लागली. "तुमची चिट्ठी मला वाचू दिली नाय हो त्यांनी! ओढणीखाली धरून वाचली. दोनदा वाचली. इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, मी पाणी आणलं. मी विचारलं, क्या हुआ अम्मी? तर बोले, चूहा मिल गया."

मी वाकळ उलगडली. कोपऱ्याजवळ दुल्हेभाईंचं खाकी ठिगळ तसंच होतं, आणि त्याच्यावर जांभळा तुकडा शिवलेला होता, लाल काठासकट. तू ठिगळ काढलं नव्हतंस. त्याच्यावरच आजीला बसवलंस. शमीमनं सांगितलं की सुई तिनं ओवून दिली, पण शिवायला तू तिला हात लावू दिला नाहीस. दोन दुपारी लागल्या. टाके वेडेवाकडे, एक लांब, एक आखूड, एका ठिकाणी दोरा दुहेरी गुंतलेला.

आपा, आयुष्यात पहिल्यांदा मला तुझे टाके ओळखू आले.

तेव्हा रडलो. शमीमनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी नको, तुमच्याकडंच राहू दे, असं म्हणायला हवं होतं. मोठ्या मनाच्या माणसानं तसंच म्हटलं असतं. मी वाकळ उचलली, काखेत धरली आणि रिक्षा केली. वाटेत रिक्षावाल्यानं विचारलं, "चाचा, धुवायला चालली का?" मी म्हटलं, "नाही. घरी चाललीय."

घरी आल्यावर ती तोंडाशी धरली. साठ वर्षं मी आजीच्या वासाचा हेवा केला होता. वाकळीला आजीचा वास नव्हता. कापसाच्या धुळीचा होता, ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा, वेलचीचा, तुझ्या डोक्याच्या तेलाचा. तुझ्या घराचा. तिथं मी तुझं बोट धरून मोठा झालो होतो, आणि माझं लक्ष सगळा वेळ खिडकीतल्या वाकळीकडं होतं.

मध्याशी अजून एक बारीकसा उंचवटा लागतो. भाकरी तर केव्हाच पीठ झाली असेल. मी तिथं बोट ठेवतो आणि काढून घेतो.

काल शमीमच्या मुलीचा फोन आला, सनाचा. तिचा नवरा शेंद्र्याला कारखान्यात आहे, तिला महिन्यापूर्वी मुलगा झाला. "नानाअब्बू, ती नानीची वाकळ बाळासाठी मिळंल का? आमच्यात सगळी पोरं त्याच्यातच वाढलीत." बरोबर आहे तिचं. सगळी वाढलीत. मी सोडून. महिन्याभराच्या त्या पोराचं मी अजून तोंडही पाहिलं नाही, आणि मला त्याचाही हेवा वाटला.

"मी मेल्यावर घे," मी म्हटलं.

ती हसली. तुझ्यासारखीच हसते. मग मला उमगलं की हे बोलताना मी वाकळीचा काठ मुठीत धरला होता, आणि हेही उमगलं की ज्याचा खरा हेवा करावा असं तुझ्याकडं काय होतं. मागणारं माणूस. दर ईदला येऊन, शीरखुर्मा खाऊन, भांडणारं माणूस तुझ्याकडं होतं. सनाला मी सांगितलंय, ईदला येऊन माग. बाळाला घेऊन ये. तोवर मी एक भाकर वाळवून ठेवणार आहे. बाळासाठी नवी वाकळ शिवायची, आत घालायला माझे शर्ट आहेत, शमीमकडं तुझ्या ओढण्या आहेत. घास कुणाच्या हातात द्यायचा ते मला माहीत आहे. खाऊन टाकला तर टाकला.

तुझ्या उशीखालून शमीमनं माझं पत्रही काढून दिलं. घडीवर तेलाचा डाग आहे. अक्षरं पाहून मलाच हसू आलं, पहिलीतल्या पोराची अक्षरं. तू ती दोनदा वाचलीस. इथं आपल्या लिपीत उतरवून ठेवतो, म्हणजे माझ्या घरच्यांनाही ती वाचता येतील.

"हमीदा आपा, सलाम.

अक्षर वाईट आहे, हसू नको. शमीमला दाखवू नको.

तू एकदा म्हणाली होतीस, उंदीर कैची घेऊन आला होता. तो उंदीर मी. तुला ठाऊक होतं, हे मला ठाऊक होतं. तरी बोललो नाही. बोललो असतो तर तुकडा परत द्यावा लागला असता.

तुकडा सोबत आहे. शिव, नाही तर तसाच ठेव.

मी पाच वर्षांचा असताना तू माझी जागा घेतलीस, म्हणून मी इतकी वर्षं मनात धरून बसलो. परवा उर्दूचा कायदा गिरवताना अचानक आठवलं. मी तुझ्याकडं राहायला आलो त्या दिवशी पाळणा वरच्या खोलीत, खिडकीपाशी होता. आठवड्यानं तिथं माझं टेबल आलं. पाळणा खाली दुकानामागं गेला, कापसाच्या धुळीत. शमीम तिथं खोकायची. तू तिला दवाखान्यात नेलंस, त्याच दुपारी मी कात्री चालवली. शमीमची जागा मी घेतली होती, आणि तू मला तसं कधी कळू दिलं नाहीस. तिलाही सांगितलं नसशील.

वाकळ मला हवी आहे. नको म्हटलं तर ते खोटं होईल. पण तू आहेस तोवर नको. मी दर ईदला येईन, मागेन, भांडेन. तू तेच म्हण, जे नेहमी म्हणतेस. पुढच्या ईदला म्हण, त्याच्या पुढच्या ईदला म्हण. मी म्हातारा झालोय, ऐकायला कमी येतं, म्हणून मोठ्यानं म्हण.

आणि वाकळ देऊ नको.

तुझा
बारक्या"